साठ पळांची वाटी

माझ्या धाकट्या बहिणीला श्वासावर वेळ मोजता येत असे आणि मला ते सहन होत नसे. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा कुणी मला मत्सरी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. मी शहाद्याच्या शाळेत पहिला येणारा मुलगा होतो आणि ती चौथीनंतर घरी बसलेली पोर. तिचा मत्सर करायला मला झालं होतं काय?

आमचं गाव तापीच्या काठचं. सगळी वस्ती गुजर शेतकऱ्यांची, रानात कापूस आणि केळी, आणि गावात जोशाचं घर एकच, ते आमचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आसपासच्या गावांतल्या लग्नांची वेळ अण्णा धरायचे. मनगटी घड्याळं गावात दोन-तीनच होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसे. अण्णांकडे होती तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढतं आणि एक घटी झाली की वाटी बुडते. एक घटी म्हणजे साठ पळं, आजच्या हिशेबानं चोवीस मिनिटं. सूर्य उगवताना पहिल्यांदा वाटी सोडायची, बुडली की उचलून पुन्हा सोडायची आणि दर खेपेला भिंतीवर कुंकवाचं एक बोट उठवायचं. मुहूर्ताची घटी भरली की अंतरपाट बाजूला.

पण वाटी खरं सांगते की खोटं, हे कशावरून ओळखायचं? त्यासाठी श्वास. दहा दीर्घ अक्षरं सावकाश म्हणायला लागतो तेवढा एक श्वास, सहा श्वासांचं एक पळ, साठ पळांची एक घटी. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या छातीत हे माप जन्मापासून असतं, असं अण्णा म्हणत. ओट्यावर बसून ते तासन्‌तास या गोष्टी सांगायचे. जुन्या पंडितांनी दुर्बीण नसताना, काचेची नळी नसताना जग कसं समजून घेतलं. दगड पडतो तो गुरुत्वानं, पाणी वाहतं ते द्रवत्वानं. काळ मात्र कुणाला दिसत नाही, त्याला पाण्यात नाहीतर श्वासात धरावं लागतं. मला हे ऐकायला फार आवडायचं. ही विद्या माझीच आहे, असं मी धरून चाललो होतो. मी मुलगा होतो, थोरला होतो, मुंज झालेली होती. आणखी काय लागतं?

मी अकरा वर्षांचा असताना अण्णांनी मला वाटीसमोर बसवलं. वाटीकडे पाठ करून मी श्वास मोजायचे आणि घटी भरली की सांगायचं. मी मोजत गेलो. कान वाटीकडे, छाती धडधडतेय, अण्णा बघताहेत. मी मोठ्यानं म्हणालो, "झाली!" आणि वळून पाहिलं तर वाटी आरामात तरंगत होती.

आत माझी सात वर्षांची बहीण सुपात तांदूळ निवडत होती. तिथूनच ती म्हणाली, "अण्णा, दादानं घाई केली. अजून पाच पळं आहेत."

"तुला गं काय माहीत?" अण्णांनी विचारलं.

"मी पण मोजतेय ना."

ती सूप घेऊन बाहेर आली. एका श्वासाला एक दाणा, सहा दाण्यांची एक ढिगली, अशा ढिगल्यांच्या रांगा तिनं सुपात लावल्या होत्या. आमच्याशी बोलतानासुद्धा तिचं बोट थांबलं नाही. शेवटची ढिगली पुरी करून तिनं हात वर केला आणि घंगाळात डुबुक आवाज झाला.

अण्णा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला विसरलेच. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीच्या अंगात काळ येऊन बसलाय." पुढचे चार दिवस जो ओट्यावर येईल त्याला ही कथा, आणि प्रत्येक वेळी तिच्यात "थोरल्यानं घाई केली" हे वाक्य यायचंच.

दोन-तीन वर्षांत अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भिंतीवरची कुंकवाची बोटं त्यांना दिसेनात. मग लग्नाला जाताना ते बहिणीला बैलगाडीत शेजारी बसवून नेऊ लागले. ती घंगाळापाशी मांडी घालून बसायची, वाटी उचलायची, सोडायची, आणि अण्णा तिच्या शब्दावर मंगलाष्टकं संपवायचे. मांडवातली माणसं कौतुकानं म्हणायची, "जोशीबाबा, तुमनी पोर म्हणजे घडीच शे!" पानावर पहिला लाडू तिला. मी त्याच पंगतीत दुसऱ्या टोकाला.

मला शहाद्याला शिकायला ठेवलं, पुढं धुळ्याला कॉलेजात. लोक म्हणतील, मुलाला कॉलेज आणि मुलीला घंगाळ, मग मत्सर तिला वाटायला हवा होता. अगदी बरोबर. पण मत्सराला असला न्याय कळत नाही. मला एवढंच दिसायचं, की शिकवण्याच्या निमित्तानं मला घराबाहेर काढलं आणि अण्णा तिच्या वाट्याला आले.

कॉलेजातून सुट्टीला आलो की मी मुद्दाम पुस्तकातलं काहीतरी काढायचो. एका थंडीत मी ओट्यावर भौतिकशास्त्र पाजळत होतो, तेवढ्यात बहीण म्हणाली, "अण्णा, पौषात वाटी हळू बुडते. पाऊण पळ जास्त घेते."

"थंडीनं तुझा श्वास भरभर चालत असेल," मी म्हणालो.

"श्वास नाही दादा. पाणी जड होतं. मी कोमट पाणी घालून बघितलं, मग वेळेवर बुडाली."

अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला बाहेर बोलावून तिला हे पुन्हा सांगायला लावलं. धुळ्याला परतल्यावर मी लायब्ररीत पुस्तक उघडलं. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा सावकाश वाहतं, असं तिथं स्पष्ट छापलेलं होतं. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतला एक पंडित उतारावरून गोळे सोडून त्यांना लागणारा वेळ मोजत होता. त्याच्याकडेही धड घड्याळ नव्हतं. त्यानं बुडाला बारीक नळी बसवलेलं पाण्याचं भांडं टांगलं आणि पडलेलं पाणी तोलून वेळ काढला. म्हणजे आजचं विज्ञान ज्या दारातून आत आलं, त्या दारात आमच्या वाटीचीच कुणी मावसबहीण ठेवलेली होती! अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला मिठी मारली असती. पण त्या मिठीनंतर ते हमखास म्हणाले असते, "पोरीला बोलाव, तिलाही ऐकू दे." म्हणून मी दोन्ही गोष्टी घरी सांगितल्याच नाहीत. ज्ञान दडवून ठेवणाऱ्या जुन्या पंडितांना आम्ही वर्गात हसायचो.

मग बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा खापर गावाकडचा, शाळेत मास्तर. मुहूर्त वैशाखातला, सूर्योदयानंतर चौदा घटींचा. विधी चालवायला शेजारच्या गावचे भटजी येणार होते, अण्णा कन्यादानाला बसणार होते आणि बहीण तर नवरीच. वाटी धरायला घरात उरला कोण? मी. दहा वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते असं उरलंसुरलं म्हणून माझ्या हातात आलं.

आदल्या दिवशी दुपारी तिनं मला वाटी आणून दिली. हातांवर हळद होती. ती सांगू लागली, "पाणी आपल्या विहिरीचंच घे. वाटी सोडताना बोट ओलं ठेव. आणि दादा, हिला चिंच लावू नकोस. भोकाशी हा पांढरा थर दिसतोय ना, तो मळ नाही. विहिरीच्या पाण्यानं बसलाय तो, आजोबांच्या वेळेपासून. त्यानंच भोक मापाला आलंय."

"मला कॉलेजात उपकरणं हाताळायला शिकवलंय," मी म्हणालो.

"हो रे, पण नुसती विसळ. घासू नकोस."

तिचा आवाज साधा होता. तरीही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हातात वाटी पहिल्यांदा येते आणि तीसुद्धा हिच्या सूचनांसकट! वाटी काळपट, हिरवट झालेली, अगदी तिच्या हाताखालची दिसत होती. आमच्या प्रयोगशाळेत मळकं भांडं घेतलं तर मास्तर ओरडायचे. मी मागच्या अंगणात गेलो, चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं आणि वाटी घासली. भोकात काथ्याचा धागा ओवून तेही घासलं. वाटी लखलखली. आता ती माझी दिसत होती. वेळ चुकावी असं माझ्या मनात नव्हतं, हे खरं आहे. पण तिनं नको म्हटलं नसतं तर मी चिंचेला हातही लावला नसता, हेही तितकंच खरं.

लग्नाच्या दिवशी सूर्य उगवताना मी वाटी सोडली. माझं मनगट मोकळं होतं. नुकत्याच लागलेल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ मी सकाळीच नवऱ्या मुलाला भेट दिलं होतं, सगळ्यांच्या देखत. मी ऐटीत बसलो होतो. माणसं येऊन बघून जात होती. गावच्या पाटलांची म्हातारी आई घंगाळावर वाकली आणि म्हणाली, "अरे बापरे, वाटी कितली चमकी ऱ्हायनी! सोनानीच दिखस." मला बरं वाटलं. ती तशीच आत नवरीला बघायला गेली. आतल्या खोलीत बहीण गौरीहराशी बसली होती. नवरीनं तिथं अन्नपूर्णेवर चिमटीचिमटीनं तांदूळ वाहत बसायचं असतं.

चौदावं बोट भिंतीवर उठवून मी हाक दिली, "घटी भरली!" मांडवात गडबड उडाली. अण्णा उठले, मामा नवरीला आणायला गेले. ती दारापर्यंत आली आणि थांबली.

"अण्णा, अजून वेळ आहे," ती म्हणाली. "चाळीस पळं तरी बाकी आहेत."

मांडवातल्या माना दाराकडे वळल्या. मी दारातून आत पाहिलं. गौरीहरापुढं पाटावर तांदळाच्या ढिगल्यांच्या सरळ रांगा होत्या.

अण्णांनी अंधुक डोळे माझ्या दिशेला वळवले. "वाटी काय म्हणते रे?"

"वाटी बरोबर आहे."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "दादा, चिंच लावलीस का?"

"नाही."

अण्णांचा हात चाचपडत माझ्या खांद्यावर आला. ते तिला म्हणाले, "पाणी खोटं बोलत नाही पोरी. आज तुझा श्वास घाबरलाय. चल."

त्या क्षणी मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी तिच्यापेक्षा माझं खरं मानलं होतं आणि तेही भरल्या मांडवात. तो हात खांद्यावर होता तेवढा वेळ मला दुसरं काही नको होतं. ती मान खाली घालून अंतरपाटामागं उभी राहिली. अक्षता पडल्या.

सगळे पंगतीकडे गेले. मी वाटी सोडतच राहिलो, का ते मला सांगता येणार नाही. मांडवाबाहेर उन्हात पुरलेल्या खांबापाशी अण्णांनी उत्तर-दक्षिण रेघ मारून घेतली होती. खांबाची सावली त्या रेघेवर आली की मध्यान्ह. वाटीच्या हिशेबानं मध्यान्ह झाली. सावली रेघेपासून वीतभर लांब होती. मी वाटीकडे बघितलं, सावलीकडे बघितलं. सूर्य काही चिंचेनं घासलेला नव्हता. बहिणीचं लग्न पाव तास आधी लागलं होतं आणि तिचा श्वास अगदी बरोबर होता. मी पायानं ती रेघ पुसून टाकली. मग पंगतीत वाढायला गेलो. तिच्या पानात लाडू वाढताना तिनं वर पाहिलं नाही. दुपारी ती सासरी गेली.

मुहूर्त चुकला म्हणून कुणाचं काही बिघडतं, असं मी तेव्हाही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. तिचा संसार चांगला झाला. बिघडलं ते दुसरंच. माहेरी आली तरी ती वाटीकडे बघेना. अण्णांनी एकदा दोनदा म्हटलं, "बस गं, मोज." ती म्हणाली, "आता नाही जमत अण्णा." तिनं मोजणं सोडलं. अण्णांनीही पुढं वाटी काढली नाही, कारण पंचांगात तास-मिनिटं छापून येऊ लागली आणि मनगटोमनगटी घड्याळं झाली. पण ओट्यावरच्या गोष्टी चालूच राहिल्या आणि त्यांतलं एक वाक्य बदललं. "माझ्या थोरल्यानं चौदा घटी वाटी सांभाळली. पोरीचा श्वास मात्र त्या दिवशी चुकला." मी शेजारीच बसलेला असायचो. प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि मिटायचो. अण्णा तेच खरं मानून गेले. जाताना वाटी त्यांनी मला दिली.

तोवर मी शहाद्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. वाटी मी कपाटात ठेवू शकलो नाही. दर सुट्टीला गावी जायचो तेव्हा आमच्या विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन यायचो. रोज सकाळी वाटीत ते पाणी ओतायचो ते भोकातून गळू द्यायचो आणि वाटी उन्हात वाळवायचो. बायकोला सांगितलं, प्रयोग आहे. गेलेला थर परत आणायचा प्रयोग! पहिली दोन वर्षं काहीच दिसलं नाही. मग भोकाभोवती पांढरी कड आली. घड्याळ लावून बघायचो. सत्तावन्न पळं, साडेसत्तावन्न, अठ्ठावन्न. सातव्या वर्षी वाटी पुऱ्या साठ पळांना बुडली.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरपणाला माझ्याकडे आली. एसटीतून उतरली, हातात खरबुजासारखं डांगर, मागं दोन मुलं. दुपारी मुलं झोक्यावर गेली तेव्हा मी घंगाळ भरलं आणि वाटी पुढं ठेवली.

"मोजतेस?"

"चल, काहीतरीच."

"एकदाच. माझ्यासाठी."

तिनं सुपात मूठभर तांदूळ घेतले आणि वाटीकडे पाठ करून बसली. मी वाटी सोडली. चोवीस मिनिटं नुसती तिची बोटं हलत होती. एक दाणा, एक दाणा, सहा दाण्यांची ढिगली. तिनं हात वर केला आणि मागं डुबुक आवाज झाला.

"तुला येतंय अजून!" मी ओरडलोच.

"गेलं कधी होतं?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगून टाकलं. चिंच, मीठ, काथ्या, खांबाची सावली, पायानं पुसलेली रेघ. सात वर्षांची घागर. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. माझं संपल्यावर ती सुपातले तांदूळ एकत्र करत म्हणाली, "मला माहीत होतं दादा. पाटलांची आई आत येऊन म्हणाली ना, वाटी सोन्यासारखी चमकतेय म्हणून. तेव्हाच कळलं."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू हो म्हणशील असं वाटलं."

"आणि मी नाही म्हटल्यावर? अण्णांना तिथंच सांगायचंस. वाटीला हात लावून बघितला असता तर त्यांनाही कळलं असतं."

"अण्णांचा हात तुझ्या खांद्यावर होता," ती म्हणाली. "आधी कधी बघितला नव्हता मी. काढायला लावू?"

आयुष्यात एकदाच मी तिच्यावर मात केली असं धरून मी इतकी वर्षं जगत होतो, आणि तीसुद्धा तिनं मला दिलेली होती. मोजणंही तिनं त्यासाठीच सोडलं होतं. ती मोजत राहिली असती तर आज ना उद्या अण्णांना समजलं असतं.

मी वाटी पुसून तिच्यापुढं सरकवली. "ही तुझी आहे. घेऊन जा."

"नको रे. तुझं घड्याळ आहे ना घरी. यांच्या हातावर असतं रोज." ती हसली. "दिवसाला चार मिनिटं मागं पडतं ते. यांना ठाऊक नाही. दुपारी तुळशीची सावली बघते आणि हे घड्याळ काढून जेवायला बसले की गुपचूप बरोबर करून ठेवते. हे सगळ्यांना सांगतात, मेव्हण्यानं दिलेलं घड्याळ आहे, सेकंद चुकत नाही."

बाहेर मुलांनी तिला झोक्यावर बोलावलं. ती सूप खाली ठेवून गेली. मी घंगाळापाशी बसून राहिलो, आणि सात वर्षांच्या त्या पोरीनं हात वर केला तेव्हा पोटात जसं दुखलं होतं, तसंच पुन्हा दुखायला लागलं.